एकचक्रा ते तीनचाकी

नागपूरहून वर्ध्याकडे येताना सेलूच्या अलीकडे आमचं केळझर लागतं. टेकडीवरचा सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, त्यामुळे बाहेरच्यांना गाव ठाऊक असतं ते गणपतीमुळे. गावातल्या माणसाला मात्र आणखी एक अभिमान असतो. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असं इथे पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. लाक्षागृहातून निसटलेले पांडव इथे एका ब्राह्मणाच्या घरी राहिले, भीमानं बकासुराला इथेच लोळवलं आणि गणपतीची स्थापनाही पांडवांनीच केली, अशी कथा. हाच मान सांगणारी गावं बंगालात आणि बिहारातही आहेत, पण ते असो. आपल्या गावची कथा आपण नाही सांगायची तर कोणी?

एकचक्रा म्हणजे एका चाकाची. आणि मी मात्र गेलं वर्षभर तीन चाकांच्या विचारात आहे.

नातेवाईक मंडळींना कल्पना आहेच, इतरांसाठी सांगतो. पंचाहत्तरी उलटली. दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय आणि हृदयाच्या दुखण्यामुळे ऑपरेशन नको असा सल्ला मिळालाय. घरातल्या घरात काठी पुरते. पण बस स्टॉप, पोस्ट, वाचनालय, जुन्या मित्रांची घरं, ही सगळी ठिकाणं एकेक करून लांब गेली. रस्ता तेवढाच आहे, पण माझ्यापुरता वाढलाय. मुलीनं बॅटरीवर चालणाऱ्या एका तीनचाकी गाडीचा फोटो पाठवला. मोबिलिटी स्कूटर म्हणतात तिला. खुर्चीसारखी सीट, पुढे हँडल, खाली तीन चाकं. मी म्हटलं, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे मनात एवढी अढी का, हा प्रश्न पडल्यावर उत्तरही इतिहासातच शोधायची सवय. ते शोधता शोधता जे हाती लागलं, ते आज मांडतो.

सुरुवात आमच्याच कथेपासून. लाक्षागृहातून बाहेर पडल्यावर चालून चालून थकलेल्या कुंतीला आणि भावांना भीमानं उचलून घेतलं आणि रान तुडवलं. दुसरं चित्र श्रावणबाळाचं. आंधळे आईबाप कावडीत बसलेत आणि मुलगा खांद्यावर कावड घेऊन काशीला निघालाय. म्हातारपणाची ही आपली लाडकी चित्रं. दोन्हींत मुलगा थोर आहे, यात शंका नाही. पण दोन्हींत वडीलधारं माणूस उचललं जातं. वाटेत कुठे थांबावं, कुठे वळावं, हे खांदा देणारा ठरवतो. आपल्या मनात बसलेला नमुना हा असा आहे: पाय थकले की खांदा मिळावा. पाय थकल्यावरही स्वतःच्या मर्जीनं हिंडणारा म्हातारा आपल्या पुराणात फारसा भेटत नाही.

कथा बाजूला ठेवू. माझ्या लहानपणी गावात शेतमालासाठी बंडी असायची आणि माणसांसाठी रेंगी नाही तर दमणी. घरातली आजी, बाळंतीण, पाहुणे यांना दमणीतून नेत. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा, आत गादी, वर छत. दमणीतून जाणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी 'बिचारा' म्हणत नसे, उलट घरची ऐपत दिसे. म्हणजे चाकांवर बसण्याची लाज आपल्याकडे मुळातली नाही. ती नंतर आली. कुठून आली?

मला वाटतं, आमच्या जिल्ह्यापुरतं तरी त्याचं एक उत्तर चालण्याच्या प्रतिष्ठेत आहे. गांधीजी १९३० साली, वयाच्या ६० व्या वर्षी, साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालत गेले. पुढे जमनालाल बजाजांच्या आग्रहानं ते वर्ध्याला आले आणि ३० एप्रिल १९३६ पासून सेगावात राहू लागले. तेच सेगाव १९४० मध्ये सेवाग्राम झालं. तिथून थोड्या अंतरावर, धाम नदीच्या काठी, पवनारला विनोबा. १९५१ च्या एप्रिलमध्ये पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली आणि त्यानंतर तेरा वर्षं हा माणूस देशभर पायी हिंडला. आमच्या घरी वडीलधारी मंडळी बसभाडं असूनही चालत जायची आणि वर सांगायची, "विनोबा चालतात, आपल्याला काय धाड भरली?" चालणं ही नुसती हालचाल राहिली नाही, ती सचोटीची खूण झाली. जो चालतो तो साधा, जो गाडीत बसतो तो सुखवस्तू. अशा हवेत वाढलेल्या माणसाचा पाय चाकाकडे सहज वळत नाही.

यातली गंमत बघा. ज्या जमनालालजींनी गांधीजींना वर्ध्याला आणलं, त्यांच्याच घराण्यानं पुढे देशाला स्कूटरवर बसवलं. जमनालालजी वर्ध्याच्या शेठ बच्छराजांचे दत्तक नातू. १९४५ मध्ये कंपनी निघाली तीही बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन या नावानं. तीच पुढे बजाज ऑटो. १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, गाडी आली की हार घालायचा, नारळ फोडायचा, मग एकावर चौघांनी बसायचं. लग्नाच्या बैठकीतही तिचं नाव निघायचं, ते सोडा. आमच्या पिढीला 'स्कूटर' म्हटलं की नोकरी लागलेला, भांग पाडलेला, किक मारणारा तरुण डोळ्यांसमोर येतो. पेट्रोलवरची चेतक बंद झाली. जानेवारी २०२० मध्ये त्याच नावाची बॅटरीवरची आली. शब्द तोच राहिला. आता मोबिलिटी स्कूटर या नावातही तोच शब्द आहे, पण किक मारणारा तो तरुण गायब आहे. मनाला खटकतं ते बहुधा इथेच.

आणि तीन चाकांचं चित्र तर आणखी वेगळं. आपल्याकडे तीनचाकी म्हटलं की हातानं पॅडल फिरवायची अपंगांची सायकल आठवते. अशी साधनं बनवण्यासाठी कानपूरला अलिम्को ही सरकारी संस्था १९७२ मध्ये स्थापन झाली आणि १९७६ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. १९८१ मध्ये ती साधनं वाटण्याची केंद्राची योजना आली. काम मोलाचंच झालं. घराबाहेर कधी न पडलेली माणसं त्या सायकलींनी शाळेत, बाजारात, धंद्याला नेली. पण सायकल मिळायची कशी? मंडप, रांगेत मांडलेल्या तीनचाकी, पाहुण्यांचं भाषण, हार, मग फोटो. फोटोत देणारा उभा आणि घेणारा बसलेला. असे फोटो पन्नास वर्षं बघितल्यावर तीन चाकांना दयेचा रंग चिकटला, यात नवल नाही.

कायद्याची भाषाही फारशी वेगळी नव्हती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हटलं होतं. इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ आजारी, अधू असा आहे, हे खरं. पण आपल्या कानाला 'इनव्हॅलिड' म्हणजे बाद! मत बाद होतं तसा माणूस बाद. २०१९ च्या दुरुस्तीत 'अडॅप्टेड व्हेइकल', म्हणजे माणसाच्या गरजेप्रमाणे बेतलेलं वाहन, अशी संज्ञा आली. दरम्यान १९९५ आणि २०१६ असे अपंगांच्या हक्कांचे दोन कायदे झाले. १ एप्रिल २०१७ पासून वृद्धांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आली. गरीब घरातल्या वृद्धांना काठी, वॉकर, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, व्हीलचेअर अशी साधनं त्यातून मिळतात. २०११ च्या जनगणनेत साठीपुढचे लोक १० कोटींच्या वर होते, हे लक्षात घेतलं तर याची गरज कळते. पण माझ्यासारखे अनेक जण मध्येच लटकतात. कागदोपत्री आम्ही अपंग नाही, आणि चालायला लागलो तर पन्नास पावलांत बसायला दगड शोधतो.

लाजेचा हा इतिहास आपलाच आहे असं मात्र समजू नका. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ मध्ये आजारानं लुळे पडले. पुढे बारा वर्षं राष्ट्राध्यक्षपद आणि त्यात जवळपास अख्खं महायुद्ध त्यांनी निभावलं, पण चाकाच्या खुर्चीतला फोटो शक्यतो छापला जाऊ नये याची काळजी घेतली जाई. वॉशिंग्टनमध्ये १९९७ साली त्यांचं स्मारक झालं, तिथेही खुर्ची उघड दाखवली नव्हती. त्यावर अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवला आणि २००१ मध्ये चाकाच्या खुर्चीतला पुतळा तिथे बसला. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाची खुर्ची उजेडात यायला इतकी वर्षं लागली, मग केळझरच्या निवृत्त मास्तराची काय कथा!

पण याच इतिहासात एक दुसरी ओळ सापडते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १६५५ च्या सुमाराला जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ श्टेफान फार्फ्लर नावाचा घड्याळजी होता. पाय निकामी. त्यानं दातेरी चाकं आणि हातानं फिरवायचा दांडा लावून स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. आपल्या अपंगांच्या सायकलची ती पणजीच म्हणायची. कोणी मंडप घालून त्याला ती दिली नव्हती. आणि मोबिलिटी स्कूटर? ती १९६८ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यात ॲलन थीम यांनी बनवली. घरातल्याच एका माणसाचं चालणं आजारानं कठीण होत चाललं होतं, तिच्यासाठी. गाडीचं नाव ठेवलं 'अमिगो', स्पॅनिश भाषेत मित्र. म्हणजे या चाकांचा जन्म मुळात दानधर्मातून झालेला नाही. एकाला स्वतःला बाहेर पडायचं होतं, दुसऱ्याला घरच्या माणसाला बाहेर पडू द्यायचं होतं. दयेची पाटी मागाहून लागली.

मग मी पुन्हा आमच्याच जिल्ह्याकडे वळलो. तेरा वर्षं पायी फिरलेले विनोबा १९६५ मध्ये, सत्तरीला टेकले असताना, बिहारात पुन्हा यात्रेला निघाले. तिला नाव होतं तुफान यात्रा, आणि ही यात्रा त्यांनी वाहनानं केली. चालण्याचं दुसरं नाव झालेला माणूस गाडीत बसला. काम शिल्लक होतं, पायांत बळ उरलं नव्हतं, एवढा साधा हिशोब. हिंगणघाटला जन्मलेले बाबा आमटे तर मणक्याच्या दुखण्यामुळे धड बसूही शकत नसत. एक तर उभं राहायचं, नाही तर आडवं व्हायचं. १९८५ मध्ये त्यांनी भारत जोडो यात्रा काढली, कन्याकुमारी ते काश्मीर. तरुण पोरं सायकलींवर आणि बाबा गाडीत आडवे. त्यांना कोणी बाद म्हटलं नाही. गांधीजीसुद्धा शेवटच्या काळात आभा आणि मनू यांच्या खांद्यांवर हात ठेवून चालत आणि त्यांना आपल्या काठ्या म्हणत. आमच्या घरच्या मोठ्यांनी आम्हाला विनोबांचं चालणं सांगितलं. १९६५ चं वाहन सांगायचं राहून गेलं.

या माणसांनी पायांपेक्षा जायचं ठिकाण मोठं मानलं. माझं ठिकाण काही देशाएवढं नाही. पोस्ट आहे, वाचनालय आहे, टेकडीचा पायथा आहे, आणि अंथरुणाला खिळलेला एक जुना वर्गमित्र आहे. त्याच्याकडे जायचं तर मला शेजारच्या पोराला त्याची मोटारसायकल काढायला सांगावं लागतं. पोरगं गुणी आहे, नाही म्हणत नाही. पण ते बाहेर उभं राहतं, घड्याळ बघतं, आणि आमच्या गप्पा दहा मिनिटांत आवरतात. भीमाच्या खांद्याची अडचण ही अशी असते. खांदा कितीही प्रेमाचा असला तरी त्याला घाई असते.

तर मंडळी, गाडी घेतली. नागपूरला जाऊन, बसून बघून, निळ्या रंगाची. उत्साहानं घेतली असं म्हणणार नाही. पैसे मोजतानाही मन मागे ओढत होतं आणि आजही चौकात चार माणसं दिसली की मान आपोआप खाली जाते. रस्त्यातले खड्डे, दुकानांपुढच्या पायऱ्या, मधेच बसलेल्या गाई, यांच्यापुढे तिची फार मिजास चालत नाही. पावसाळ्यात काय होईल ते बघायचंय. टेकडी ती चढेल असं मला वाटत नाही आणि तिला करून बघायलाही लावणार नाही.

परवा एका ओळखीच्या शेतकऱ्यानं रस्त्यात थांबवलं. "गुरुजी, पायाले काय झालं जी?" म्हटलं, "काही नाही बापा, म्हातारे झाले." त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाक दाबून बघितलं आणि विचारलं, "माह्या मायले चालवता येईन काय? घरातच बसून रायते." किती वेळ चार्ज करावी लागते, किती लांब जाते, कुठे मिळते, सगळं त्याला सांगितलं. त्याची आई ऐंशीच्या पुढे असेल. पुढच्या आठवड्यात ती बसून बघायला येणार आहे. मी त्याला एकच अट घातली आहे. हँडल तिच्याच हातात द्यायचं.