बाबासाहेब राजकारण कुठं शिकले?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "राज्यशास्त्र घेऊन पोराला नोकरी लागते का?" प्रश्न पोटाचा आहे. आम्ही गिरणी कामगार, पोटाची किंमत आम्हाला कुणी सांगायला नको. परंतु परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यापीठात नेमकं काय शिकले आणि त्या विद्येचं त्यांनी काय केलं, एवढं तरी प्रत्येक उपासक-उपासिकेला ठाऊक असावं, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. कोलंबिया विद्यापीठात राज्यशास्त्र नावाची मोठी विद्याशाखा होती. अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र हे विषय तिच्यातच शिकवले जात. बाबासाहेबांनी तिथं अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. आणि निव्वळ राजकारणाचे किती? फक्त ३!

यातच सारं मर्म आहे. राजकारण म्हणजे नुसती निवडणूक नव्हे. पैसा कुठून येतो, कुणाच्या खिशात जातो, माणूस माणसाला खालचा का मानतो, हे कळल्याशिवाय राज्य कळत नाही. म्हणून १९१५ साली त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि वित्तव्यवस्थेचा अभ्यास केला. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात भारतातील जातींवर निबंध वाचला. सेलिग्मन यांच्याकडं ते अर्थशास्त्र शिकले, तर लोकशाही ही माणसांची एकत्र जगण्याची रीत आहे, हा जॉन ड्युई या गुरूंचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला.

ही विद्या त्यांनी कपाटात ठेवली नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढं त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची आणि स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी मांडली. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ! पगार मात्र त्याच खात्यात जास्त. म्हणजे शिवाशिव ही पगाराचीही बाब होती. १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला, त्यातही ते पुढं होते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी देशाला बजावलं की राजकारणात समता येईल, परंतु सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच धोक्यात येईल. कोलंबियातल्या अभ्यासाशी हे ताडून पाहा. धागा एकच आहे.

शेवटची गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. १९५६ साली, धम्मदीक्षेच्याच वर्षी, राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी बाबासाहेबांनी मुंबईत एक प्रशिक्षण शाळा सुरू करवली. ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं आणि पुढं थोड्याच महिन्यांत ती शाळा बंद पडली.

पुतळे उभे राहिले, मिरवणुका वाढल्या, गटातटांचे फलक लागले. ती शाळा मात्र पुन्हा उभी राहिली नाही. मग पुढारी सांगेल तिकडं आपण मत टाकतो आणि पाच वर्षं कपाळाला हात लावतो. अर्थसंकल्पात आपल्या वाट्याला काय आलं आणि त्यातलं किती खर्च झालं, हे विचारणारी पोरं-पोरी आपल्याच घरांतून निघायला हवीत. वकील, डॉक्टर, इंजिनिअर जरूर व्हा. पण एखादीला राज्यशास्त्र शिकायचं असेल तर तिला अडवू नका.

आणि विहारात रविवारची वंदना झाल्यावर तासभर संविधानाचं वाचन सुरू करू या. बंद पडलेली शाळा एवढ्यानं उघडणार नाही, पण तिची कडी तरी वाजेल.

जय भीम! नमो बुद्धाय!