निकाहनामा आणि बाई मरियम

मागच्या महिन्यात जोगेश्वरीतली माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. नवरा अमेरिकेत. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाली होती. उर्दू निकाहनाम्याचं इंग्रजी भाषांतर तपासून हवं होतं. सोबतच्या वहीत तिने पाठ करायला उत्तरं लिहिली होती: नवऱ्याची जन्मतारीख, मेहेरची रक्कम, गवाहांची नावं, वलीम्याला किती माणसं. म्हणाली, "सर, निकाह झालाय, काझींची सही आहे. मग लग्न झालंय हे अजून सिद्ध का करायचं?"

तिचा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रत्नागिरी-कोलाब्याकडचे कोकणी मुसलमान पोटापाण्यासाठी केपटाउनला जात. पुरुष पुढे, बायकामुलं गावी. तिथल्या गोऱ्या सरकारांना हिंदी माणसं नको होती, पण कायद्यात तसं उघड लिहायचं नव्हतं. म्हणून नाताळने १८९७ मध्ये युक्ती काढली: उतरणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवायचा. केपनेही तीच वाट धरली. केपच्या १९०६ च्या कायद्यात ज्यूंची यिडिश भाषा युरोपीय ठरली. उर्दू, मराठी, गुजराती जाणणारा मात्र निरक्षरांत जमा झाला.

आधीपासून राहणाऱ्याच्या बायकोला या परीक्षेतून सूट होती. त्यामुळे तिच्यापुरता एकच प्रश्न उरायचा: ही खरंच बायको आहे का?

पोर्ट एलिझाबेथचे हसन इसप यांच्या पत्नी बाई मरियम यांना याच प्रश्नावर अडवलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला: ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न कायद्याने लग्नच नाही. मग नवऱ्याला एकच बायको का असेना!

जोडपं मुसलमान होतं, पण झळ सगळ्यांना लागली. तेव्हा हिंदू पुरुषालाही दुसरं लग्न करता येत होतं. म्हणजे कस्तुरबाही कायद्याने गांधीजींच्या पत्नी उरल्या नाहीत. सप्टेंबर १९१३ मध्ये सोळा जणांच्या तुकडीसोबत त्या परवान्याशिवाय ट्रान्सवालच्या हद्दीत शिरल्या. तीन महिने सक्तमजुरी झाली. तुकडीत मुंबईकडचे पारशी रुस्तमजीही होते. पुढे खाणकामगार आणि मळ्यांवरचे मजूर संपावर गेले. १९१४ च्या कायद्याने पतीच्या एका पत्नीला मान्यता मिळाली, आणि आपल्या मौलवी-पुरोहितांना विवाह अधिकारी नेमण्याची सोय झाली.

एका मुसलमान बाईच्या लग्नाचा मान राखण्यासाठी हिंदू आणि पारशी तुरुंगात गेले, हे आपल्या मुलांना आपण कधी सांगतो का?

मी त्या मुलीला हे सगळं सांगितलं. आजचा अधिकारी सर्ल नाही. तो निकाह नाकारत नाही, कागद आणि माणूस जुळतात का ते पाहतो. म्हणून भाषांतरातलं नावाचं स्पेलिंग आम्ही पासपोर्टशी जुळवलं. महापालिकेच्या विवाह नोंदणीचा दाखला फाइलमध्ये वर ठेवला. वही मात्र तिला बंद करायला लावली. स्वतःच्या संसाराची माहिती पाठ करून सांगितली की ती खोटी वाटते.

निघताना तिने विचारलं, "सर, बाई मरियम कशा दिसत असतील?"

मी म्हटलं, "तुझ्यासारख्याच. हातात कागद घेऊन उभ्या."