छावणींतील प्रौढ विद्यार्थी

प्रौढशिक्षण हा शब्द कानीं पडतांच आमच्यासारख्या पांढरपेशांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें: कंदिलाचा उजेड, भिंतीला टेकविलेला फळा आणि दिवसभर राबून आल्यावर पाटीवर अक्षर गिरविणारा मजूर. हें चित्र खोटें नव्हे. जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत रात्रीची शाळा काढली. १९११ मध्यें स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या द्वारें ना. म. जोशी यांनीं मुंबईच्या कामगारवस्तींत रात्रशाळा व वाचनालयें चालविलीं. १९३९ मध्यें खेर मंत्रिमंडळाच्या काळांत मुंबई शहरांत साक्षरतेची मोठी मोहीम झाली. या सर्व उद्योगांत विद्यार्थ्याजवळ एखादी खोली तरी असे, नसे तें अक्षर. परंतु आमच्या बदलापुरापासून अवघ्या दोन स्थानकांवर प्रौढशिक्षणाचा असा एक अध्याय घडला कीं, त्यांत विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांजवळ अक्षर होतें, आणि घर मात्र मुळींच नव्हतें. आमच्या शिक्षणविषयक ग्रंथांत त्याचा उल्लेख क्वचितच होतो, म्हणून येथें थोडें लिहावेंसें वाटलें.

दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करानें मोठी छावणी वसविली होती. युद्ध संपलें, शिपाई गेले, बराकी ओस पडल्या. इतक्यांत फाळणी झाली आणि कराचीहून बोटीमागून बोटी मुंबईच्या धक्क्याला लागूं लागल्या. सिंधमधील हीं कुटुंबें या बराकींत आणून ठेवण्यांत आलीं. निर्वासितांनीं नोंदणी करावी व नेमून दिलेल्या ठिकाणीं राहावें, यासाठीं १९४८ मध्यें मुंबई सरकारनें कायदाच केला. पाहतां पाहतां ९०,००० हून अधिक माणसें तेथें जमलीं. बराकीच्या लांबच लांब दिवाणखान्यांत गोणपाटाचे पडदे बांधून एकेका कुटुंबानें आपली हद्द आंखून घेतली. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें कोनशिला बसली व छावणीचें उल्हासनगर झालें. आमच्या गांवावरून वाहणाऱ्या नदीचें आणि त्या शहराचें नांव असें एक झालें. मात्र तेथील माणूस आपला पत्ता आजहि ‘कँप नंबर अमुक’ असाच सांगतो.

हे लोक अडाणी नव्हते. आमिल मंडळी पिढ्यान् पिढ्या सरकारी कारकुनी व वकिली केलेली. पूर्वीं फारसींत आणि नंतर इंग्रजींत मुरलेली. भाईबंद व्यापारी, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या पेढ्या दूरदेशीं होत्या. परंतु त्यांची अक्षरें निराळीं. इंग्रज अमदानींत १८५३ च्या सुमारास ठरविलेली अरबी वळणाची सिंधी लिपि शाळेंत व कचेरींत चाले. दुकानदाराची वही खुदाबादी लिपींत असे. आणि घरांतील वृद्ध बाई गुरुवाणी वाची ती गुरुमुखींत. एका घरांत तीन लिप्या, आणि कल्याण स्थानकावरील मराठी पाटी वाचायला त्यांतली एकहि उपयोगी नाहीं! माणूस साक्षर असतांना देशांतर करतो आणि दुसऱ्या तीरावर निरक्षर होऊन उतरतो, ही गोष्ट आमच्या विद्यापीठांतल्या व्याख्यांत कोठेंच बसत नाहीं. सिंधी देवनागरींत लिहावी कीं अरबींत, यावर त्यांच्यांत पुढें वर्षानुवर्षें कडाक्याचा वाद झाला. घटनेच्या आठव्या परिशिष्टांत ती भाषा शिरली ती १९६७ मध्यें.

तेव्हां या प्रौढांना शिकायचें काय होतें? पहिली गोष्ट, अर्ज भरणें. मागें राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदविण्याचा कायदा १९५० सालीं झाला, भरपाईचा १९५४ सालीं. दस्तऐवज पलीकडे राहिलेले, साक्षीदार देशभर पांगलेले. अशा स्थितींत घराच्या चतुःसीमा आठवून कागदावर उतरविणें ही जी विद्या, ती कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत नव्हती. दुसरी गोष्ट, धंदा. सरकारनें निर्वासितांसाठीं धंदेशिक्षणाचीं केंद्रें काढलीं. पण खरी कार्यशाळा बराकीचा ओटा आणि आगगाडीचा डबा हीच होती. बायका पापड लाटीत. मुलगे व म्हातारे ते, आणि गोळ्या, कंगवे, कापड घेऊन, गाडींत विकीत. ज्याच्या बापानें नोकराकरवीं माल मोजून घेतला, त्यानें स्वतः डब्यांतून ओरडत फिरायचें, हा धडा गिरविणें अक्षर गिरविण्याहून अवघड. ‘शरणार्थी’ हें नांव त्यांना झोंबे. आम्हांस ‘पुरुषार्थी’ म्हणा, असें ते म्हणत. या आग्रहांत पोकळ अभिमान आहे असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं.

मराठी त्यांना कोणी शिकविली? आम्ही नव्हे. आमच्या लहानपणीं ‘यू. एस. ए.’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद बदलापुरांत घरोघर चाले आणि आम्हीहि त्याला मनमुराद हंसत असूं. शेजाऱ्याच्या नकली मालाची आम्हांस बित्तंबातमी होती. त्याच्या भाषेचें एक अक्षरहि ठाऊक नव्हतें.

मात्र या यशाचें कौतुक करतांना एक भेद विसरतां कामा नये. छावणींतल्या माणसाला गळकें का होईना, पण छप्पर आधीं मिळालें आणि शिक्षण मागाहून आलें. शिवाय त्याचें कांहीं गेलें आहे, हें सरकारनें मान्य केलें होतें. ज्याची सिंधमध्यें स्वतःची मालमत्ता नव्हती, त्याला तीहि भरपाई नव्हती. दाव्याच्या कागदावर लिहिण्यासारखें त्याच्याजवळ कांहींच नव्हतें. मुंबईच्या पदपथावर निजणारा माणूस या दुसऱ्या माणसाचा वारस आहे. मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागें एक निवारा हवा, असें सर्वोच्च न्यायालयाला २०१० मध्यें सांगावें लागलें. २०२२ सालीं केंद्र सरकारनें प्रौढांसाठीं जो नवभारत साक्षरता कार्यक्रम आंखला त्यांत अक्षरओळखीबरोबर जीवनकौशल्यें व धंदेशिक्षणहि घातलें, आणि योगायोग असा कीं पुढें त्याला नांवहि ‘उल्लास’ असेंच मिळालें. योजना चांगली आहे. पण ज्याला पाटी-पुस्तक रात्रीं कोठें ठेवावें हा प्रश्न पडतो, त्याच्यापर्यंत ती पोंचावयाची तर आधीं बराक हवी, गोणपाटाचा पडदा हवा.

आमच्या वडिलांचें कापड कँप नंबर दोनमधल्या एका दुकानांतून येई. दुकानदार वृद्ध होता. पावती तो ठसठशीत मराठींत करून देई, आणि मग वही ओढून तीच रक्कम उजवीकडून डावीकडे भराभर टिपून ठेवी. एवढें चांगलें मराठी लिहितां, मग वही अशी कां, म्हणून वडिलांनीं एकदां विचारलें. तो हंसला आणि म्हणाला, “साहेब, रोखीचा व्यवहार मराठींत होतो. उधारी मात्र याच अक्षरांत आठवते.”