‘अप्लाइड न्यूट्रिशन’: एका नावात अडकलेला इतिहास

दादरला वीर सावरकर मार्गावरची हॉटेल व्यवस्थापनाची सरकारी संस्था मुंबईकरांना ‘कॅटरिंग कॉलेज’ म्हणून ठाऊक आहे. तिचे पूर्ण नाव मात्र लांबलचक आहे: इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट, केटरिंग टेक्नॉलॉजी अँड अप्लाइड न्यूट्रिशन. पंचतारांकित हॉटेलांसाठी माणसे घडवणाऱ्या संस्थेच्या नावात पोषणशास्त्र कशाला?

संस्था १९५४ साली सुरू झाली ती ऑल इंडिया विमेन्स सेंट्रल फूड कौन्सिलच्या पुढाकाराने. त्यामागे लीलावती मुनशी होत्या. त्यांचे पती कन्हैयालाल मुनशी १९५० ते ५२ या काळात केंद्रीय अन्नमंत्री होते. रेशनचे आणि टंचाईचे ते दिवस. गहू-तांदूळ वाचवा, रताळी-केळी खा, असा प्रचार चालू होता. लीलावतीबाईंच्या महिला परिषदेने ‘अन्नपूर्णा’ उपाहारगृहे काढली, तीही याच खटपटीतून. स्वस्त, सकस, धान्य कमी लागणारे जेवण पुष्कळ लोकांना कसे देता येईल, हा प्रश्न होता. गंमत अशी की, संस्था निघाली त्याच वर्षी रफी अहमद किडवाईंनी धान्यावरची नियंत्रणे उठवली; पण टंचाईने घातलेला पाया तसाच राहिला. अशा संस्था बराच काळ केंद्राच्या अन्न खात्याकडे होत्या, पर्यटन खात्याकडे नव्हे.

जगात अन्यत्र सुरुवात वेगळी होती. लोझानची शाळा १८९३ मध्ये स्विस हॉटेलवाल्यांच्या गरजेतून निघाली. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हॉवर्ड मीक यांच्याकडे हॉटेलचा अभ्यासक्रम सोपवला. तो गृहविज्ञानाच्या कुशीत वाढला खरा, पण पाठबळ हॉटेलमालकांच्या संघटनेचे होते. आपल्याकडे मात्र समोर धरला होता तो भुकेला माणूस. पाहुणा नंतर आला.

तो आला १९८२ मध्ये. दिल्लीत एशियाडसाठी हॉटेले उभी राहत होती. त्याच वर्षी नॅशनल कौन्सिल फॉर हॉटेल मॅनेजमेंट स्थापन झाली आणि या संस्थांचा कारभार पर्यटनाकडे वळला. आधी पदविका असलेले शिक्षण पुढे इग्नूच्या साथीने तीन वर्षांची पदवी झाले. अभ्यासक्रमाचे चार खांब ठरले: स्वयंपाकघर, वाढप, स्वागतकक्ष आणि खोल्यांची व्यवस्था. हे चारही खांब हॉटेलच्या इमारतीतले विभाग आहेत. पोषण व अन्नविज्ञान पूरक विषय म्हणून उरले.

स्वयंपाक शिकवायचा तो फ्रेंच पद्धतीने, पाच मूळ सॉसपासून. याला नुसती साहेबी हौस म्हणणे मला पटत नाही. एस्कॉफिएने १९०३ च्या ग्रंथात पाककृती नाव देऊन, क्रम लावून मांडल्या होत्या. विद्यापीठाला प्रश्नपत्रिका काढावी लागते, आणि ती लिहिलेल्या ज्ञानावरच निघते. आपल्या आचाऱ्यांचे ज्ञान हाताच्या अंदाजात होते. ते परीक्षेत बसत नव्हते, म्हणून मागे पडले.

त्याची किंमत गिरणगावात दिसते. लालबाग-परळच्या खानावळवाल्या बायका एका खोलीत कामगारांना दोन वेळा जेवू घालत. पैसे महिनाअखेरीस मिळत, किराणा तोवर उधारीवर, तोही व्याजाने. खरेदी, उधारी, माणशी खर्च, उरलेल्या अन्नाचा वापर: पदवीच्या पुस्तकांत ज्याला खर्चनियंत्रण म्हणतात ते सारे त्यांना रोज करावे लागे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. नाव पुन्हा अन्नपूर्णाच. बँकेला जी पत दिसली ती अभ्यासक्रमाला दिसली नाही. पुढे १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, कामगार गावी परतले आणि खानावळींची गिऱ्हाइके पांगली. पाहुण्यासाठी राष्ट्रीय परिषद उभी राहिली ते वर्षही हेच.

टंचाईच्या काळाचा एक धागा पदवीत अजून आहे. दुसऱ्या वर्षी मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक शिकवतात; त्यात रुग्णालय, वसतिगृह, कारखान्याचे कँटीन येते. खानावळीचा हिशेब बसवायचा तर जागा तीच. पण त्यासाठी तो आधी कोणीतरी लिहून घ्यायला हवा, आणि ज्यांना तो तोंडपाठ होता त्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत.