पिकफेअर : अंतर्भाग

मूकपटांच्या काळातील तारे मेरी पिकफर्ड व डग्लस फेअरबँक्स यांचे बेव्हर्ली हिल्स (कॅलिफोर्निया) येथील निवासस्थान. १९९० मध्ये जमीनदोस्त. फेअरबँक्सने १९१९ मध्ये समिट ड्राइव्हवर शिकारीच्या मुक्कामासाठी बांधलेले एक घर विकत घेतले आणि वाढवले. १९२० मध्ये दोघांचे लग्न झाले आणि त्यांच्या आडनावांचे तुकडे जोडून वृत्तपत्रांनी घराचे बारसे केले. वास्तूला पुढचे रूप वास्तुकार वॉलेस नेफ याने दिले.

सुमारे पंचवीस खोल्यांचे हे घर बाहेरून इंग्रजी ट्यूडर धाटणीचे होते; खरी श्रीमंती आत होती. छतांवर भित्तिचित्रे, पायाखाली नक्षीदार लाकडी फरशी, महोगनी व फिकट पाइनच्या फळ्यांनी मढवलेली दालने, सोन्याचा वर्ख आणि आरसे लावलेले कोनाडे. लाकडी सामान अठराव्या शतकातील इंग्रजी-फ्रेंच वळणाचे. जोडीला पूर्वेच्या प्रवासांतून आणलेल्या चिनी कलावस्तू. चित्रपटातल्या नेपथ्याची छाया या मांडणीवर पडली नसती तरच नवल. सर्वांत गमतीची खोली म्हणजे जुन्या पश्चिम अमेरिकेच्या थाटाचे मद्यगृह. तिथला एकोणिसाव्या शतकातील महोगनीचा कोरीव बार ऑबर्न गावच्या एका गुत्त्यातून आणला होता आणि भिंतींवर फ्रेडरिक रेमिंग्टनची चित्रे होती. यजमान फेअरबँक्स मात्र मद्यापासून दूर राहण्याबद्दल प्रसिद्ध!

पाहुण्यांत चॅप्लिन नेहमीचा. पुढे भारताचे शेवटचे व्हाइसरॉय झालेले माउंटबॅटन १९२२ मध्ये मधुचंद्रासाठी आले, तेव्हा चॅप्लिनने त्यांना घेऊन इथे एक छोटा विनोदी चित्रपटही उरकला.

१९३६ मध्ये घटस्फोट झाला आणि घर पिकफर्डकडे राहिले. १९७६ चे मानद ऑस्कर तिने याच घरात स्वीकारले. त्या चित्रीकरणातून दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना दिवाणखान्याचे दर्शन घडले. १९७९ मध्ये ती वारल्यावर पुष्कळसे सामान लिलावात गेले, म्हणजे अंतर्भाग वास्तूच्या आधीच विखुरला. १९८० मध्ये बास्केटबॉल संघाचे मालक जेरी बस यांनी घर घेतले. १९८८ मध्ये ते अभिनेत्री पिया झडोरा व तिचे पती मेशुलम रिकलिस यांच्याकडे आले. त्यांनी ते पाडून नवा प्रशस्त महाल बांधला. वाळवी लागल्याचे कारण तेव्हा सांगण्यात आले; पाडायचेच होते तर घेतले कशाला, असे फेअरबँक्सच्या मुलाने विचारले. २०१२ मध्ये झडोराने दूरचित्रवाणीवर दुसरेच कारण सांगितले : घरात भूत होते.