घरची आठवण हा आजार होता तेव्हा

प्रबंधाला विषय सापडत नाही म्हणून हातपाय गाळले असतील, तर ही गोष्ट ऐका. १६८८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठात योहानेस होफर या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वैद्यकाचा एक छोटासा लॅटिन प्रबंध सादर केला. विषय काय, तर घरची आठवण! लोकांच्या बोलण्यात त्याला 'हाइमवे' हा जर्मन शब्द होता, पण वैद्यकात त्या दुखण्याला नाव नव्हतं. होफरने नोस्टोस (घरी परतणं) आणि आल्गोस (वेदना) हे दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' बनवला. आज आपण जुन्या गाण्यांच्या निमित्ताने सहज वापरतो तो शब्द मुळात एका रोगाचं निदान आहे.

त्याने दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. बर्नचा एक मुलगा शिकायला बाझलला येतो आणि तापाने अंथरुणाला खिळतो. जगायची आशा उरत नाही. मग त्याला घरी न्यायचं ठरतं. तयारी सुरू होताच त्याला बरं वाटू लागतं आणि बर्नला पोचायच्या आतच गडी ठणठणीत! आज हे अंतर रेल्वेने जेमतेम तासाभराचं आहे.

मी हे वाचलं तेव्हा स्वतः जर्मनीतल्या एका छोट्या गावात होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले, आणि दप्तरखान्यातली कागदपत्रं बघायला सहा महिने गेले होते. तिथे रविवारी दुकानं बंद आणि रस्ता गप्प. रविवारच्या विश्रांतीचं १९१९ च्या वायमार राज्यघटनेतलं कलम त्यांच्या आजच्या घटनेतही कायम आहे, त्यामुळे ही शांतता अगदी कायदेशीर! मला मात्र साताऱ्यातली आमची गल्ली आठवायची. भंगारवाल्याची लांबलचक हाक, भाजीवालीशी चालणारी घासाघीस, रात्री कुल्फीवाल्याची घंटा. विशेष म्हणजे घरी असताना यातलं काहीही मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

वैद्यांनी या दुखण्याची कारणं काय काय दिली पाहा. होफरच्या मते मायदेशाचे ठसे मेंदूच्या ज्या तंतूंत उमटलेले असतात, तिथूनच 'जीवद्रव' सतत वाहत राहतो. पुढे झ्युरिकच्या शॉइख्त्सरने दोष हवेच्या दाबाला दिला: डोंगरातल्या विरळ हवेची सवय असलेला माणूस सखल प्रदेशात दाबला जातो. हसू नका, वायुभारमापकाचा शोध तेव्हा शंभर वर्षांचाही नव्हता. हाताशी नवं उपकरण आलं की सगळी उत्तरं त्यातच दिसतात, हे आपल्या प्रयोगशाळांतही चालतंच.

नेमकं बोट ठेवलं ते रूसोने. गुरं हाकतानाचं एक स्विस गाणं ऐकून परमुलखातले स्विस सैनिक रडत, पळून जात, म्हणून ते वाजवायलाच बंदी होती, असं तो १७६८ च्या आपल्या संगीतकोशात सांगतो. पण त्या सुरांत स्वतःची अशी काही जादू नाही, परक्याला त्याचं काहीच वाटत नाही. ती चाल फक्त आठवणीची खूण म्हणून काम करते, असं त्याचं म्हणणं.

हे पटलं, आणि मी आईला फोन करून म्हटलं, "रात्री कुल्फीवाल्याची घंटा रेकॉर्ड करून पाठव ना." आई म्हणाली, "अगं, तो तू सातवीत असतानाच यायचा बंद झाला."

मी गारच. त्याच आठवणीच्या भरवशावर पहिल्या प्रकरणाची चार पानं लिहिली होती ना! कांटने १७९८ मध्येच लिहून ठेवलंय की असे लोक घरी परतले की निराश होतात, कारण त्यांना हवं असतं ते गाव नव्हे, तर तिथे सरलेलं तरुणपण. ती चार पानं मी काढून टाकली.

मग रस्त्याचा इतिहास शोधायचा कुठे? मला विचाराल तर तक्रारींत. गणनयंत्रवाला चार्ल्स बॅबेज लंडनच्या रस्त्यावरच्या वाजंत्र्यांवर इतका वैतागला होता की त्याने ८० दिवसांत १६५ उपद्रव मोजून काढले. १८६४ मध्ये त्यावर पुस्तिका लिहिली, आणि त्याच वर्षी रस्त्यावरच्या वादनाविरुद्ध कायदाही झाला. त्याचा संताप आज त्या रस्त्याचा उत्तम पुरावा आहे. नाहीतर बाहेरून आलेल्याचं लिखाण बघा: १८६३ चं 'मुंबईचे वर्णन' लिहिणारे गोविंद नारायण माडगावकर मूळचे गोव्याचे. वैतागलेल्याला आणि नवख्याला रस्ता ऐकू येतो. तिथेच वाढलेल्याला तो बहुधा गमावल्यावरच ऐकू येतो, तोही सगळा खरा नसतो.

आईने दोन दिवसांनी एक रेकॉर्डिंग पाठवलंच. कागदपत्रासारखी त्याची नोंद केली: सत्तावीस सेकंद, कचऱ्याच्या गाडीवरचं गाणं, दोन हॉर्न, शेजारच्या कुकरची शिट्टी, आणि शेवटी आईचा आवाज, "हे बंद कसं करायचं गं आता?"