कोंडा

भात गिरणीतून निघालं की तीन वाटे होतात: तांदूळ, तूस आणि कोंडा. तूस सिलिकाने भरलेलं, खाण्याजोगं नाही, म्हणून ते चुलीत जातं. कोंडा मात्र दाण्याच्या अंगचा. तांबूस, तेलकट, चिमटीत धरला की बोटांना चिकटणारा.

शब्द फार जुना. पालीत 'कुण्डक' म्हणजे तांदळाचा तांबडा कोंडा. मराठीत तो 'कोंडा' झाला, कोंकणीत 'कुंडो'. एका जातककथेत गरीब माणूस वृक्षदेवतेला कुण्डकाची पोळी वाहतो. दुसरीत म्हातारीने पाळलेलं उमदं शिंगरू कुण्डकावरच वाढतं. माणूस आणि जनावर यांच्या खाण्याला तेव्हापासून हा एकच शब्द.

दुभत्या गाईच्या आंबोणात कोंडा लागतोच. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव चोथ्यातूनही ताकद काढतात. आपल्याला तेवढं साधत नाही, पण मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याच चोथ्यावर जगतात आणि पोटही साफ राहतं. 'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण अन्नाला कमी लेखणारी नाही. भूक असली की कोंडाही गोड लागतो, एवढंच ती सांगते. पांढऱ्याशुभ्र तांदळाच्या हौसेपायी आपण मात्र तो ताटातून घालवला.

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या शिरगावात खाणींनी भातशेतीचं पाणी आणि माती बिघडवली. शेत पडीक राहिलं की उकड्या तांदळाची पेज जाते, आणि तिच्याबरोबर गोठ्यातलं कोंड्याचं आंबोणही. या दुहेरी नुकसानीचा हिशेब कुणी मांडत नाही, तो मांडायला हवा.